आधी वाचू, मग सही

गेल्या श्रावणातली गोष्ट. नारळी पौर्णिमा होऊन चार दिवस झाले होते. पाऊस नुकताच उघडलेला, दुपारची वेळ आणि आमच्या वाचनालयात मी आणि ग्रंथपाल ताई अशा दोघीच. माझी पुतणी लॉला आहे. तिला प्रोजेक्ट मिळालं होतं, ‘कायदा शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी वर्गाबाहेर केलेलं एखादं काम’. “काकी, तुझ्या लायब्ररीत काही मिळतंय का बघ ना,” असा तिचा फोन आला म्हणून मी गेले होते.

खरं सांगते, मैत्रिणींनो, मला त्यात फारसा रस नव्हता. कायद्याचे प्राध्यापक काय करणार? जाड जाड पुस्तकं लिहितात, परिषदांना जातात, निवृत्त झाले की त्यांचा सत्कार होतो, शाल-श्रीफळ मिळतं. त्यात आपल्यासारख्या बायकांच्या उपयोगाचं काय असणार, असं मनात म्हणत मी कपाटापुढे उभी होते.

तेवढ्यात दारात एक बाई आली. चप्पल बाहेर काढून, छत्री मिटून, पदराने हात पुसत आत आली. मी तिला ओळखत होते, आमच्या बचतगटाच्या पलीकडच्या वाडीतली. मासे विकते. हातात कपड्याच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी, त्यात घडी घातलेले कागद.

“वहिनी, तुमी हयसर आसात ता बरां झालां,” ती म्हणाली. “ह्यां वाचून सांगशात? भाव म्हणता उद्या सही करूक जावया. कसली सही तां काय सांगना नाय. माका वाचूक येता, सातवी शिकलंय मी. पण ह्यां कायद्याचां मराठी माका समजना नाय.”

कागद उघडला आणि माझ्या पोटात कालवलं. मथळा होता, ‘हक्कसोड पत्र’.

हा शब्द आपल्याकडच्या किती घरांत येतो ते मी वेगळं सांगायला नको. वडील गेले, बारावं-तेरावं झालं, की काही दिवसांनी भाऊ किंवा काका कागद घेऊन येतात. “अगो, नुसती सही. तुझ्या नावाचो घोळ नको.” बहीण सही करते. करताना डोळ्यांत पाणी असतं ते वडिलांच्या आठवणीने, हक्काच्या नव्हे. हक्काचं तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

मीही केली होती. २००९ साली. बी.ए. झालेली, बचतगट चालवणारी, दुसऱ्यांना ‘अंगठा नको, सही शिका’ म्हणून सांगत फिरणारी मी. वडील वारल्यावर सहा महिन्यांनी माहेरी गेले, भावाने रजिस्ट्रार ऑफिसला नेलं, तिथे गर्दी होती, उकाडा होता, मुलगा कडेवर रडत होता. कुणी तरी बोटाने जागा दाखवली, तिथे मी सही केली. एकूण किती पानं होती तेही मला आठवत नाही. भावाने मला फसवलं असं मी म्हणणार नाही. तो आजही चतुर्थीला न्यायला येतो, माझ्या मुलांचं सगळं करतो. पण मी काय सोडलं हे मला माहीतच नव्हतं, ही गोष्ट मात्र टोचत राहिली. राजीखुषीने दिलं असतं तर ते दान झालं असतं. न वाचता दिलं, त्याला काय म्हणायचं?

तर ग्रंथपाल ताईंनी तो कागद पाहिला आणि काही न बोलता मागच्या कपाटाकडे गेल्या. हिंदू वारसा कायद्यावरचं एक पुस्तक काढलं, मागचं पान बघितलं आणि परत ठेवलं. “हे नको. २००५ च्या आधीचं आहे.” मग दुसरं काढलं.

त्या वेळी मला त्याचं महत्त्व कळलं नाही. घरी जाऊन दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचली तेव्हा कळलं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात २३ वं कलम होतं. वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नसेल तर मुलीला वाटा होता, पण कुटुंब राहत असलेल्या घराची वाटणी मात्र ती मागू शकत नव्हती. भाऊ वाटणी करतील तेव्हा तिला मिळायची. ९ सप्टेंबर २००५ पासून ते कलमच काढून टाकलं. त्याच दिवसापासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्मानेच मुलाइतकी भागीदार झाली. आपल्या महाराष्ट्राने ही सुधारणा आधीच, १९९४ साली केली होती, पण ती २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुलींना लागू नव्हती. मग पुन्हा कोर्टांमध्ये वाद, की २००५ साली वडील हयात असायला हवे होते की नको. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, वडील तेव्हा हयात असण्याची गरज नाही. (आपल्या ख्रिश्चन मैत्रिणींसाठी सांगते, तुमचा कायदा वेगळा, १९२५ चा भारतीय वारसा कायदा. मृत्युपत्र नसेल तर त्यात मुलगा-मुलगीला सारखाच वाटा आहे.)

आता विचार करा. ताईंनी पहिलं पुस्तक दिलं असतं तर आम्ही त्या बाईला काय सांगितलं असतं? “घरात तुला वाटणी मागता येत नाही, जा कर सही.” छापील पुस्तकात वाचून, अगदी प्रामाणिकपणे, चुकीचं सांगितलं असतं. जुनं पुस्तक बाजूला ठेवण्याचा तो अर्धा मिनिट हेच ग्रंथपालाचं काम. त्याचा सत्कार कधी होत नाही.

त्या दिवशी आम्ही तिघींनी मिळून तो कागद ओळ न् ओळ वाचला. ‘लिहून घेणार’, ‘लिहून देणार’, ‘अक्कलहुशारीने’, ‘कायमचा सोडून देत आहे’. दुसऱ्या पानावर ‘मिळकतीचे वर्णन’ होतं. त्यात दोन मिळकती. पहिली राहतं घर. दुसरीचा सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर आणि चतुःसीमा. पश्चिमेला समुद्र.

ती एकदम थांबली. “ही बाग! बागेचां नाव ह्याच्यात खंयसून इलां? भाव तर घराचा म्हणी होतो.”

वीस-बावीस माडांची बाग. भावाला घरात पर्यटकांसाठी खोल्या काढायच्या होत्या, बँकेचं कर्ज हवं होतं, त्यासाठी कागद स्वच्छ पाहिजे होते. त्याचं म्हणणं काही खोटं नव्हतं. पण किनाऱ्याच्या जागेला आज काय भाव आहे ते तारकर्ली-देवबागच्या बाजूला राहणाऱ्या कुणालाही विचारा. कागद करणाऱ्याने बाग चुकून घातली की मुद्दाम, हे मला माहीत नाही. तिने मात्र उद्याची सही पुढे ढकलायचं तिथेच ठरवलं. पुस्तक आपल्या नावावर लिहून घेतलं आणि पिशवीत घालून निघून गेली.

ती गेल्यावर ताई म्हणाल्या, “तुमच्या पुतणीचं राहिलंच की.” आणि मग त्यांनी ज्या पत्राबद्दल सांगितलं, त्याने माझं कायद्याच्या प्राध्यापकांबद्दलचं मत पार बदललं. पुतणीने पुढे त्यावरच प्रोजेक्ट केलं. तिने आणलेली झेरॉक्स मी तिच्याकडून मराठीत समजावून घेतली. तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

२६ मार्च १९७२ ची रात्र. देसाईगंजचं पोलीस ठाणं, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा, आता गडचिरोलीत. एक आदिवासी मुलगी, वय चौदा ते सोळाच्या दरम्यान. आईवडील नाहीत, भावाबरोबर राहायची, लोकांकडे कामं करून पोट भरायची. तिला एका तरुणाशी लग्न करायचं होतं. भावाला ते पसंत नव्हतं, म्हणून त्याने तक्रार दिली. जबाबासाठी सगळ्यांना ठाण्यात बोलावलं. रात्री बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं आणि तिला थांबवून घेतलं. ठाण्यातल्या दोन पोलिसांवर तिच्यावर अत्याचार केल्याचा आरोप ठेवला गेला. कायद्याच्या पुस्तकांत हा ‘मथुरा खटला’ म्हणून ओळखला जातो. (बळी पडलेल्या बाईचं नाव छापू नये हा कायदा पुढे आला, आणि तो आला तोही तिच्याच खटल्यामुळे. तिचं नाव मात्र आधीच सगळीकडे छापून झालं होतं.)

चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने १९७४ साली दोघांना सोडलं आणि त्या मुलीच्याच वागण्यावर ताशेरे मारले. १९७६ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवून शिक्षा दिली. त्या निकालात म्हटलं होतं की भीतीने गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे. आणि १५ सप्टेंबर १९७८ ला सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा दोघांना निर्दोष सोडलं. कारण काय? अंगावर जखमा नाहीत. आरडाओरडा केल्याचं दिसत नाही. म्हणजे तिची संमती होती.

झालं. देशातलं सगळ्यात मोठं न्यायालय. त्याच्या वर कोण? फाईल बंद.

निकाल मात्र पुस्तकांत छापून येतात. कायद्याच्या लायब्ररीत ते खंड रांगेने लावलेले असतात. कुणी वकील आपल्या केसपुरतं पान उघडतो, कुणी विद्यार्थी परीक्षेपुरतं. पण चार प्राध्यापकांनी हा निकाल माणसासारखा वाचला. दिल्ली विद्यापीठात शिकवणारे उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि आपल्या पुण्यात कायदा शिकवणाऱ्या वसुधा धागमवार. १६ सप्टेंबर १९७९ ला, म्हणजे निकालाला वर्ष पुरं होऊन एक दिवस झाल्यावर, या चौघांनी भारताच्या सरन्यायाधीशांना उद्देशून एक खुलं पत्र लिहिलं.

काय होतं त्या पत्रात? पुतणीने मला समजावलं ते असं. संमती देणं आणि शरण जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढा साधा फरक न्यायालयाला दिसू नये? रात्रीची वेळ, पोलीस ठाणं, दार बंद, समोर वर्दीतली दोन माणसं, आणि ही एक गरीब, अशिक्षित, अनाथ पोर. तिने ओरडावं, लढावं, अंगावर जखमा घ्याव्यात आणि मगच तिचं म्हणणं खरं धरावं, ही अपेक्षा कुठल्या जगातली? आणि मुलीला रात्री ठाण्यात बोलावून थांबवून ठेवण्याबद्दल निकालात निषेधाचा एक शब्दही का नाही?

आता हे वाचताना आपल्याला वाटतं, त्यात काय एवढं? पण १९७९ साल आठवा. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल चुकला, असं जाहीर पत्र लिहून सरन्यायाधीशांनाच सांगणं! लिहिणारे पुढारी नव्हते, त्यांच्यामागे पक्ष नव्हता. मास्तर माणसं. त्यांच्याकडे होतं ते फक्त वाचलेलं.

पत्र वर्तमानपत्रांत, नियतकालिकांत आलं आणि बायका उठल्या. मुंबईत १९८० च्या सुरुवातीला बलात्काराविरोधी मंच उभा राहिला, त्या वर्षीच्या ८ मार्चला ठिकठिकाणी मोर्चे निघाले. खटला पुन्हा उघडावा ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली नाही. पण सरकारला कायदा आयोगाकडे जावं लागलं आणि १९८३ साली कायदा बदलला. पोलीस, तुरुंगाधिकारी, इस्पितळातले अधिकारी अशा ताब्यात ठेवणाऱ्यांनी केलेला अत्याचार हा वेगळा, जास्त गंभीर गुन्हा ठरला. अशा खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि बाईने सांगितलं की माझी संमती नव्हती, तर न्यायालयाने ते खरं धरून चालायचं, संमती होती हे आरोपीने सिद्ध करायचं. सुनावणी बंद दाराआड. नाव छापायला बंदी.

आणि बाईने झटापट केली नाही एवढ्यावरून तिची संमती होती असं मानायचं नाही, हे वाक्य कायद्यात यायला २०१३ साल उजाडलं. पत्रानंतर चौतीस वर्षं! त्या मुलीला स्वतःला यातून काहीही मिळालं नाही, हेही लिहिलं पाहिजे. तिचे आरोपी सुटले ते सुटलेच.

या चौघांतल्या दोघी बायका. त्यांच्याबद्दल मी मुद्दाम वाचलं. लतिका सरकार केंब्रिजहून कायद्यातली डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री. १९७४ साली देशातल्या स्त्रियांच्या स्थितीवर जो मोठा अहवाल निघाला, त्या समितीच्या त्या सदस्य होत्या. त्या २०१३ साली गेल्या. वसुधा धागमवारांनी तर तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या अक्कलकुव्याला आदिवासींमध्ये राहून काम केलं होतं. पुढे १९८५ साली त्यांनी दिल्लीत ‘मार्ग’ नावाची संस्था काढली, आणि त्या संस्थेने कायदे सोप्या भाषेत मांडणारी पुस्तकं काढली, गावोगावच्या कार्यकर्त्यांना हातात धरून शिकवता येतील अशी. त्या २०१४ साली वारल्या. मराठी बाई, पण आपल्या महिला मंडळांत त्यांचं नाव कुणाला माहीत नाही. मलाही नव्हतं.

हे वाचत असताना मला एक गोष्ट सुचली, जी खरं तर आधीच सुचायला हवी होती. आपल्याकडचे सगळ्यात मोठे कायद्याचे प्राध्यापक कोण? डॉ. बाबासाहेब आंबेडकर! आपण त्यांना घटनेचे शिल्पकार म्हणतो, प्राध्यापक म्हणून आठवतच नाही. १९२८ च्या जूनमध्ये ते मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजात शिकवायला लागले, आणि पुढच्याच महिन्यात, २८ जुलैला, मुंबई कायदेमंडळात त्यांनी कामगार बायकांच्या बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा देणारं भाषण केलं. १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला, तसला देशातला पहिला. १९३५ साली ते त्याच कॉलेजचे प्राचार्य झाले. आणि प्राचार्य असतानाच, १७ सप्टेंबर १९३७ ला, त्यांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. खोती म्हणजे आपल्या कोकणातलीच गोष्ट! तेव्हा मालवण रत्नागिरी जिल्ह्यात होतं, आपला सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १९८१ साली. खोतांच्या जाचाच्या गोष्टी माझ्या आजेसासूबाई सांगायच्या. पुढे जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला, आणि खोती कायद्याने संपायला १९४९ चा कायदा यावा लागला. सकाळी वर्गात शिकवलेलं दुपारी सभागृहात मांडायचं, असे हे प्राध्यापक.

त्यांच्या ‘राजगृहा’तल्या पुस्तकांबद्दल सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण त्यांनी १९४६ साली सुरू केलेल्या सिद्धार्थ कॉलेजच्या ग्रंथपालाचं नाव किती जणांना ठाऊक आहे? एस. एस. रेगे. बाबासाहेबांच्या अखेरच्या वर्षांतल्या लिखाणाच्या काळात हे गृहस्थ त्यांच्या जवळ होते, त्यांच्या आठवणीही त्यांनी लिहून ठेवल्या. मोठ्या माणसाच्या पुस्तकामागे असा एक ग्रंथपाल असतोच, तो छायाचित्रात मात्र कडेला उभा असतो.

कोकणातल्याच महामहोपाध्याय पां. वा. काण्यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. चिपळूणकडचे, काही वर्षं मुंबईच्या त्याच लॉ कॉलेजात प्राध्यापक. धर्मशास्त्राचा पाच खंडांचा इतिहास त्यांनी लिहिला, पहिला खंड १९३० साली निघाला आणि शेवटचा १९६२ साली. १९६३ साली त्यांना भारतरत्न मिळालं. त्या इतिहासात स्त्रीधनाचाही विचार आहे. ‘आमच्या शास्त्रात बायकांना काही नव्हतंच’ असं ठासून सांगणाऱ्यांनी आणि ‘सगळं होतं’ म्हणणाऱ्यांनी, दोघांनीही तो एकदा चाळावा. मी सगळा वाचलाय असा आव मी आणत नाही, पानं बघूनच छाती दडपते.

आता ग्रंथपालांविषयी. त्यांचे स्वतःचे पाच कायदे आहेत, हे मला ताईंनीच सांगितलं. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ते मांडले. पुस्तकं वापरण्यासाठी असतात, ज्याला जे पुस्तक हवं ते त्याला मिळालं पाहिजे, वाचणाऱ्याचा वेळ वाया जाता कामा नये, अशा अर्थाचे. कलमं नाहीत, दंड नाही, शिक्षा नाही. पण आपल्या भागात ते फार आधीपासून पाळले जातात. सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर १८५२ चं, वेंगुर्ल्याचं नगर वाचनालय १८७१ चं. रस्ते नव्हते, गलबतातून पुस्तकं यायची, तेव्हापासून.

आज मात्र गावोगावच्या ग्रंथपालांकडे बघा. मिळतं ते किती, आणि काम काय काय! झाडायचं, धूळ पुसायची, पावसाळ्यात पुस्तकांना बुरशी येऊ नये म्हणून डांबरगोळ्या ठेवायच्या, अनुदानाचे तक्ते भरायचे, स्पर्धा परीक्षेच्या मुलांना गप्प बसवायचं. आणि त्यात १ जुलै २०२४ पासून फौजदारी कायदेच बदलले. इंडियन पिनल कोड गेला, भारतीय न्याय संहिता आली. सासरच्या छळाचं ४९८ अ कलम आपल्या बायकांना तोंडपाठ होतं, ते आता ८५ आणि ८६ झालं. मथुरा खटल्यामुळे आलेलं पुराव्याच्या कायद्यातलं ११४ अ, ते आता भारतीय साक्ष्य अधिनियमात १२० व्या कलमात आहे. म्हणजे त्या चार मास्तरांचं म्हणणं नव्या कायद्यातही टिकलं, फक्त घर नंबर बदलला. पण वाचनालयातली जुनी पुस्तकं? ती उघडून कुणी जुनंच कलम पाठ करून ठाण्यात गेली तर? ताईंनी त्या सगळ्या पुस्तकांच्या पहिल्या पानावर स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली आहे, ‘१ जुलै २०२४ पूर्वीच्या घटनांसाठी’. जुने खटले अजून जुन्याच कायद्याने चालतात, म्हणून त्यांनी ती रद्दीत घातली नाहीत. असा विचार करायला डोकं लागतं, पगार लागत नाही, असं सरकारला वाटत असावं.

वकील परवडत नाही म्हणून गप्प बसणाऱ्या बहिणींसाठी एक सांगून ठेवते. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात बाईला मोफत वकील मिळण्याची सोय आहे, आणि त्यासाठी तिचं उत्पन्न किती हे बघायचं नसतं. आपल्या जिल्ह्यात ओरोसला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १५१०० हा फोन नंबर. उच्च न्यायालयासाठी पूर्वी थेट मुंबई गाठावी लागायची. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं आणि सिंधुदुर्ग त्याला जोडला गेला. कुडाळला लॉ कॉलेज आहे, आपल्या मुली एसटीने जाऊन येऊन वकील होतात. माझ्या लग्नाच्या वेळी हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

माझी पुतणी ते प्रोजेक्ट लिहीत असताना मी एक काम केलं. ओरोसला कामाला गेले होते, येताना वाट वाकडी करून २००९ च्या माझ्या हक्कसोड पत्राची नक्कल काढायला अर्ज दिला. आठवड्याने मिळाली. अकरा पानं. एस.टी.त बसून पहिल्यांदा वाचली. घर, परसू, आणि डोंगराकडचा एक तुकडा, जिथे लहानपणी आम्ही करवंदं काढायला जायचो. तोही माझा होता म्हणे. नोंदवलेला कागद नुसत्या इच्छेने फिरत नाही, त्याला कोर्टात जावं लागतं, फसवणूक दाखवावी लागते, त्यालाही मुदत असते. मला कुठे जायचं नाही. भावाला मात्र फोन करून सांगितलं, “अरे, करवंदांची जागा पण लिहून दिलेली मी, माहीत होतं तुला?” तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “ताई, मी पण वाचला नव्हता गो.”

त्या मासेवाल्या बाईचं काय झालं ते तुम्हाला हवं असेल. तिने भावाला सांगितलं, घराची सही देतंय, बागेची नाय. भाऊ रागावला, तिच्या वहिनीने बोलणं टाकलं. विधी सेवेच्या वकिलीणबाईंकडून कागद नव्याने करून घेतला. त्यात फक्त घर. सही करायच्या दिवशी तिने सगळ्यांना पाऊण तास बसवून ठेवलं आणि स्वतः वाचला, बोट ठेवून, मोठ्याने. बागेच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून तिचं नाव भावांबरोबर लागायचा अर्ज दिलाय, फेरफार अजून मंजूर व्हायचा आहे. चतुर्थीला भाऊ बोलवायला येईल की नाही याची तिला धाकधूक होती. भाऊ आला नाही. पुतण्याला पाठवलं, हातात पंचखाद्याची पुडी देऊन. ती गेली, आरती करून संध्याकाळी परत आली.

परवा मी वाचनालयात होते तेव्हा ती पुस्तक परत करायला आली. मुदतीच्या कितीतरी दिवस उशिरा. ताईंनी दंड लावला, सूट नाही! तिने पदराच्या गाठीतून पैसे काढून दिले आणि दाराकडे बघून हाक मारली, “ये गो, भितंस कित्याक? हयसर कोण खावचा नाय तुका.”

दाराबाहेर तिची शेजारीण उभी होती. तिच्याही हातात प्लॅस्टिकची पिशवी.